दोन बहिणींची नावे

पहिल्या मुलीचे नाव ठेवताना आईबापांस सारा शब्दकोश मोकळा असतो. दुसरीच्या वेळी मात्र त्या कोशातील एक शब्द आधीच घरात नांदत असतो, आणि नवा शब्द त्याच्या शेजारी कसा शोभेल हा विचार करावा लागतो. पहिला चरण सहज सुचलेल्या कवीला दुसऱ्या चरणापाशी जी अडचण पडते, तीच ही अडचण होय. आमच्या मासिकांतून कवितासंग्रहांची, नाटकांची व कादंबऱ्यांची परीक्षणे नित्य येतात. परंतु बाराव्या दिवशी पाळण्याभोवती जे एकशब्दी काव्य जन्मास येते आणि ज्याचे वाचन पुढे सत्तर-ऐंशी वर्षे अखंड चालते, त्याचे परीक्षण करावे असे सहसा कोणास वाटत नाही. एखादा कवितासंग्रह वाईट निघाला तर तो कपाटात पडून राहतो. वाईट निघालेले नाव मात्र एका जिवंत माणसास रोज अंगावर वागवावे लागते. म्हणून या काव्याचा विचार अधिक काळजीने व्हावयास हवा.

आमच्या जुन्या शास्त्रकारांनी मुलीच्या नावाचा विचार केला आहे. पारस्कर गृह्यसूत्राप्रमाणे मुलीच्या नावातील अक्षरे विषम असावीत व त्याच्या शेवटी 'आ'कार असावा. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात याहून रसिकपणाचे नियम आहेत. स्त्रीचे नाव सुखाने उच्चारता यावे, ते क्रूर नसावे, त्याचा अर्थ स्पष्ट असावा, ते मनोहर व मंगल असावे, त्याच्या शेवटी दीर्घ स्वर यावा आणि ते आशीर्वादासारखे वाटावे, असे तेथे सांगितले आहे. साहित्याचा कोणताही परीक्षक या अपेक्षांस आनंदाने मान डोलावील. मात्र याच ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात, नक्षत्राचे, वृक्षाचे किंवा नदीचे नाव असलेली मुलगी वधू म्हणून पत्करू नये, असाही निर्बंध आढळतो. महाराष्ट्राने हा निर्बंध किती मानला ते पाहण्यासारखे आहे. ज्या प्रांतात घरटी एक गोदावरी, एक यमुना, एक कृष्णा किंवा एक रेवती होती, त्या प्रांताने मनूची पोथी आदराने गुंडाळून ठेवली आणि आपल्या नद्यांवरचे व चांदण्यांवरचे प्रेम पाळण्यात घातले, असेच म्हणावे लागेल.

परंतु हे सारे नियम एकट्या नावाचे झाले. दोन बहिणींची नावे परस्परांशी कशी असावीत, याविषयी सूत्रकार मौन धरतात. येथे शास्त्राकडून काव्याकडे वळावे लागते. आणि काव्यात तीन नमुने आढळतात.

पहिला नमुना महाभारतातील काशिराजाच्या कन्यांचा. अंबा, अंबिका आणि अंबालिका ही तीन नावे म्हणजे एकाच शब्दाची तीन रूपे आहेत. तिन्हींचा मूळ अर्थ 'आई' असाच. ऐकावयास ही साखळी गोड लागते. परंतु कथेत काय होते ते पाहा. भीष्म त्या तिघींस एकाच रथात घालून एकाच वरासाठी हरण करून आणतो. जणू नावांप्रमाणे माणसेही एकाच प्रकारची आहेत! त्यांतील अंबा मात्र आपण शाल्वास मनाने वरले आहे असे सांगून त्या साखळीतून बाहेर पडते, आणि तिच्या त्या वेगळेपणातून पुढील सारा अनर्थ ओढवतो. व्यासांनी ही नावे हेतुपूर्वक अशी योजिली असे आमचे म्हणणे नाही. पण तीन मुलींस एकच नाव तीन वेळा दिल्याने त्यांचे भाग्य वा स्वभाव एक होत नाहीत, हे मात्र या कथेवरून उघड दिसते.

दुसरा नमुना रामायणातील. जनकाच्या घरची सीता म्हणजे नांगराने पडलेली तास, आणि ऊर्मिला या नावात लाट आहे. एक रेघ जमिनीवरची, दुसरी पाण्यावरची. या दोन शब्दांत यमक नाही, अनुप्रासही नाही. तरी अर्थाचा एक नाजूक धागा दोहोंतून गेलेला आहे. सीता हे नाव ऊर्मिलेवाचून पूर्ण आहे आणि ऊर्मिला हे सीतेवाचून पूर्ण आहे. पुढे एक वनात गेली व दुसरी अयोध्येत राहिली, तेव्हा दोघींचीही नावे एकट्याने उभी राहू शकली.

तिसरा नमुना कालिदासाचा. शाकुंतलातील अनसूया व प्रियंवदा या सख्या आहेत, बहिणी नव्हेत. तरी एका आश्रमात वाढलेल्या दोन मुलींची नावे म्हणून त्यांचा दाखला गैर ठरणार नाही. दोन्ही नावे चार चार अक्षरांची, दोन्ही गुणवाचक, दोन्ही आकारांत. पण एकीत मत्सराचा अभाव सांगितला आहे, तर दुसरीत वाणीचा गोडवा. आणि नाटक वाचणारास ठाऊकच आहे की पहिली गंभीर व विचारी आहे, तर दुसरी थट्टेखोर व बोलकी. नावांचे वजन सारखे, पण चेहरे निराळे. आमच्या मते बहिणींच्या नावांचा आदर्श जर कोणी विचारला, तर याच जोडीकडे बोट दाखवावे.

आता पुराणांतून व नाटकांतून उतरून आपण आपल्या प्रांतात येऊ. कोकणातील देवरुख येथील जोशी यांच्या घरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन बहिणी होत्या. थोरलीचे नाव गोदू, म्हणजे गोदावरी, धाकटीचे कृष्णा. ही धाकटी १८७० साली जन्मली. सह्याद्रीच्या पश्चिमेस राहणाऱ्या त्या आईबापांनी पूर्वेकडे वाहणाऱ्या दोन महानद्या आपल्या अंगणात आणून बसविल्या. याहून सुंदर जोडी मराठीत सापडणे कठीण. दोन्ही शब्द एका कुळातले, दोन्ही पवित्र, आणि तरी उच्चारात व प्रवाहात पूर्ण स्वतंत्र. एक नाशिककडून निघते, दुसरी महाबळेश्वराहून. दोघी भेटत नाहीत, पण जातात एकाच समुद्रास.

या दोघींच्या आयुष्याचा ओघही काहीसा तसाच झाला. दोघींच्याही कपाळी लहान वयात वैधव्य आले. गोदूबाईंचे बंधू नरहरपंत हे धोंडो केशव कर्वे यांचे स्नेही. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईस गिरगावच्या चौपाटीवर शारदा सदन काढले, तेव्हा गोदूबाई तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी झाल्या. १८९३ साली कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई झाल्या. पुढे कर्वे घराण्यात व हिंगण्यास सारे त्यांस 'बाया' म्हणून ओळखू लागले. धाकटी कृष्णा विवाहानंतर पार्वती झाली होती. तिने पुनर्विवाह पत्करला नाही, पण विधवांच्या शिक्षणासाठी सारे आयुष्य वेचले. हिंगण्याच्या संस्थेसाठी गावोगाव वर्गणी मागितली, पन्नाशीच्या सुमारास अमेरिकेची वाट धरली, आणि १९२८ साली 'माझी कहाणी' हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्या ग्रंथावर नाव आहे पार्वतीबाई आठवले. अशा रीतीने गोदा व कृष्णा या दोन नद्या मराठी समाजाच्या स्मरणातून लुप्त झाल्या, आणि उरल्या त्या आनंदीबाई व पार्वतीबाई. आईबापांनी जुळविलेले दोन चरण दोन निरनिराळ्या घरच्या लोकांनी खोडले, आणि प्रत्येकाने त्यावर आपल्या पसंतीचा शब्द लिहिला.

हे केवळ या दोघींचेच झाले असे नाही. १८६२ साली जन्मलेली कुर्लेकरांची यमुना न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी येऊन रमाबाई झाली. १८६५ साली कल्याणास जन्मलेली दुसरी एक यमुना गोपाळराव जोशी यांच्या घरी आनंदी झाली, आणि १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीची पदवी घेताना तिच्या पदवीपत्रावर हेच नाव चढले. लग्नात तांदळांच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिण्याचा विधी आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या कौतुकाने चालत आला आहे. तांदळांत लिहिलेली अक्षरे हलक्या हाताने पुसून टाकता येतात. मागचे नाव मात्र त्याहूनही हलक्या हाताने पुसले गेले. बहिणींच्या नावांची जुळणी हा विषय लहान मुलांच्या खेळासारखा वाटत असेल त्यांनी हे ध्यानात घ्यावे की, ज्या समाजात मुलीचे नाव हे तिचे स्वतःचे धन नव्हते, त्या समाजात ते धन कसे निवडावे हा प्रश्न खेळाचा नाही.

मराठी नावाची रचनाच या बाबतीत विचार करण्यासारखी आहे. आमच्याकडे पूर्ण नावाचे तीन भाग : स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव. दोन बहिणींचे यांतील दोन भाग अक्षरशः एकच असतात. एका तृतीयांशावर काय तो प्रत्येकीचा स्वतंत्र हक्क. तो एक तृतीयांशही जर आम्ही यमकाच्या हौसेने एकसारखा केला, तर मुलीस तिचे म्हणून काय उरले? गेल्या शतकाच्या मध्यास 'सु' या उपसर्गाची एक साथच आली होती. सुधा, सुमन, सुलभा, सुनंदा, सुशीला, सुलोचना! एकाच घरात या 'सु'काराच्या तीन-तीन, चार-चार मुली असत. शब्द सारे चांगले, अर्थ सारे शुभ. पण शाळेच्या हजेरीपटावर व परीक्षेच्या निकालपत्रावर जेव्हा आद्याक्षरांचा कारभार सुरू होतो, तेव्हा आडनावामागे त्या चौघींचीही दोनच अक्षरे उभी राहतात आणि ती तंतोतंत सारखी असतात. पोस्टमन एकीचे पत्र दुसरीच्या हाती देतो, आणि एकीच्या बक्षिसाचे अभिनंदन दुसरीस मिळते.

त्यानंतर 'ता'कारांत नावांचा काळ आला. सुनीता, अनिता, वनिता, कविता, सविता, संगीता. यांत यमक साधले, पण मनूची अर्थस्पष्टतेची अट पुष्कळदा ढिली पडली. सविता हा संस्कृतात पुल्लिंगी शब्द, सूर्याचा वाचक. अनिताचा संस्कृतात समाधानकारक अर्थ लावताना पंडितही घाम पुसतो. आईबापांनी पहिल्या मुलीचे नाव अर्थ पाहून ठेवावे आणि दुसरीचे नाव पहिलीच्या शेपटास जुळेल असे शोधावे, हाच या पद्धतीतील मुख्य दोष होय. आलंकारिकांच्या भाषेत सांगावयाचे तर, पहिलीस अर्थालंकार मिळतो व दुसरीस शब्दालंकार. यमक जुळविण्यासाठी वाटेल तो शब्द चरणाच्या शेवटी बसविणाऱ्या कवीस आम्ही नावे ठेवतो. तेच आम्ही धाकट्या मुलीच्या बाबतीत करतो आणि त्यास हौस म्हणतो.

यमकाचा व्यावहारिक तोटा जाणावयाचा असेल तर आमच्या मुंबईच्या चाळीसारखी दुसरी प्रयोगशाळा नाही. गिरगावातील चाळीत तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून आई खाली चौकात हाक मारते, तेव्हा शब्दातील व्यंजने वाटेतच गळून पडतात आणि खेळणाऱ्या मुलींच्या कानी केवळ स्वर पोचतात. ज्या दोन नावांचे स्वर एकच, त्या दोघींपैकी एक तरी उगाच जिना चढून वर येते. किंवा, हे अधिक वेळा घडते, हाक दुसरीलाच असावी असे समजून दोघीही येत नाहीत. परळ-लालबागच्या गिरणगावात, जेथे एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे राहत, तेथे तर हाक ही ओळखीची पहिली खूण होती. दादरच्या प्रशस्त वसाहतींत आज हाकेची जागा भ्रमणध्वनीने घेतली असली, तरी त्या यंत्रावरही नावांची यादी असते व तीत एकसारखी दोन नावे एकाखाली एक येऊन बसतात. साधन बदलले, घोटाळा राहिला.

येथे कोणी म्हणेल की मंगेशकर भगिनींचे काय? लता, मीना, आशा, उषा! चारही नावे दोन अक्षरांची, चारही आकारांत. आशा व उषा यांत तर आरंभीच्या स्वराचाच काय तो भेद. लिहिताना 'श' व 'ष' वेगळे दिसतात, पण मराठी उच्चारात तो फरक पुसटच आहे. तरी या नावांनी काय कोणाचे अडले? आक्षेप सयुक्तिक आहे, आणि त्याचा विचार केलाच पाहिजे. प्रथम हे ध्यानात घ्यावे की यांतील थोरलीचे, १९२९ साली जन्मलेल्या मुलीचे, पहिले नाव हेमा होते. गडकऱ्यांच्या 'भावबंधन' नाटकातील लतिका या पात्रावरून ती पुढे लता झाली. म्हणजे ते नाव पाळण्यातील यमकासाठी आलेले नसून मास्टर दीनानाथांच्या रंगभूमीवरून घरात आलेले आहे. त्यास स्वतःचा इतिहास आहे. दुसरी गोष्ट अशी की, आशा या नावाचा अर्थ व उषा या नावाचा अर्थ दोन्ही आपापल्या जागी स्वच्छ व मंगल आहेत. एक दुसरीच्या आधाराने उभी नाही. आणि तिसरी गोष्ट, जी सर्वांत महत्त्वाची : १९४५ साली मुंबईस आलेल्या या कुटुंबातील मुलींनी आपल्या नावांस आपल्या कंठाने निराळेपण मिळविले. ते त्यांचे कर्तृत्व आहे, नावांचे नव्हे. नाव ठेवणाराने आपली मुलगी असा कंठ घेऊन आली आहे असे गृहीत धरून चालू नये. आणि हेही सांगितले पाहिजे की, मीनाताई खडीकर झाल्या, आशाताई भोसले झाल्या, पण त्यांची स्वतःची नावे कोणी तांदळांत पुसली नाहीत. देवरुखच्या बहिणींपासून या बहिणींपर्यंतच्या साठ-सत्तर वर्षांत मराठी मुलीने जे मिळविले, त्याची ही एक लहानशी पण खरी नोंद आहे.

आमच्या मनास जी जोडी अधिक भावते ती भागवतांच्या घरची. थोरली दुर्गा, जन्म १९१०. तिच्या पाठची कमला. दोन्ही नावे एकाच देवीची, पण देवीची रूपे दोन : एक शस्त्र धारण करणारी व दुर्गम, दुसरी कमळात बसणारी व प्रसन्न. एक शब्द दोन अक्षरांचा व जोडाक्षराने भारदस्त झालेला, दुसरा तीन अक्षरांचा व तिन्ही अक्षरे मोकळी. यमक म्हणाल तर शेवटच्या 'आ'पुरते. कमलाबाई सोहोनी यांनी १९३९ साली केंब्रिजची पीएच. डी. मिळविली आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपद भूषविले. दुर्गाबाईंनी मुंबईतच एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात बसून लोकसाहित्याचा अभ्यास केला आणि १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून लेखनस्वातंत्र्याचा कैवार घेतला. आता नावाप्रमाणे गुण आले असे म्हणण्याचा मोह येथे होतो. तो आम्ही आवरतो, कारण प्रयोगशाळेत प्रवेश मिळविण्यासाठी सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या नकारास धैर्याने तोंड देणारी बहीण कमला होती, दुर्गा नव्हे. कमळासही काटे असू शकतात! दोन नावांत पुरेसे अंतर असले म्हणजे प्रत्येकीस आपल्या नावापलीकडे वाढण्यास जागा राहते, एवढेच यातून घ्यावयाचे.

ध्वनीच्या सूक्ष्म जुळणीचे उदाहरण हवे असेल तर शोभना समर्थ यांच्या मुलींचे घ्यावे. नूतन व तनुजा. वरवर पाहता या नावांत काहीच साम्य नाही. एक अकारांत, एक आकारांत. एकीचा अर्थ नवी, दुसरीचा अर्थ कन्या. पारस्करांची आकाराची अट नूतनने मोडली आहे. पण कान देऊन ऐका : पहिल्या नावात 'न' नंतर 'त' येतो, दुसऱ्यात 'त' नंतर 'न', आणि एकीतील दीर्घ 'ऊ' दुसरीत ऱ्हस्व होऊन येतो. आरशात पाहावे तशी ही दोन नावे परस्परांस पाहतात. ऐकणारास साम्याचे कारण कळत नाही, पण साम्य जाणवते. आणि चांगल्या अनुप्रासाचे लक्षण हेच आहे. दोघीही रुपेरी पडद्यावर आडनावावाचून वावरल्या आणि कोणाचाही कधी घोटाळा झाला नाही. एकट्याने उभे राहण्याची परीक्षा याहून कडक कोणती असणार?

आतापर्यंत आम्ही अति जुळणीच्या दोषाविषयी लिहिले. याच्या उलट बाजूस एक फार मोठा व दुःखद दोष आहे, आणि तो काव्यदोष नसून हृदयदोष आहे. थोरल्या मुलीचे नाव हौसेने, दुसरीचे सवडीने आणि तिसरी-चौथीचे निराशेने ठेवण्याची चाल आमच्या समाजात होती. सातारा जिल्ह्यात 'नकुशी' नावाच्या मुली घरोघर आढळत. मुलगा व्हावा म्हणून वाट पाहिली, पुन्हा मुलगी झाली. ती नको होती, म्हणून नकुशी. २०११ सालच्या ऑक्टोबरात सातारा येथे एका समारंभात अशा दोनशेंहून अधिक मुलींनी हे नाव टाकून आपल्या आवडीची नवी नावे घेतली. या साताऱ्याकडूनच, तसेच रत्नागिरी-कोल्हापुराकडून, परळ-लालबागच्या गिरण्यांत पिढ्यान्‌पिढ्या माणसे येत होती. तेव्हा ही गोष्ट मुंबईकरांनी दूरची मानण्याचे कारण नाही. बहिणींच्या नावांतील विसंगती येथे पराकोटीस पोचते. थोरलीचे नाव आशीर्वाद, धाकटीचे नाव तक्रार. मनूने स्त्रीचे नाव आशीर्वादासारखे असावे असे सांगितले. या आईबापांनी मुलीच्या नावात आपले रडगाणे लिहून ठेवले, आणि ते तिला जन्मभर स्वतःच्या तोंडाने म्हणावयास लावले.

सुशिक्षित वाचक म्हणतील की आमच्या घरी असे काही होत नाही. उघड उघड होत नाही, हे खरे. पण थोरलीसाठी चार कोश चाळणारे सुशिक्षित वडील धाकटीच्या वेळी यमकाचा पहिला शब्द हाती लागताच थांबतात, तेव्हा त्याच दोषाची सौम्य छाया तेथेही पडलेली असते. धाकट्या मुलीचे नाव हे थोरल्या मुलीच्या नावाची पुस्ती नव्हे. 'तिच्या नावाला जुळेल म्हणून तुझे हे ठेवले' एवढाच इतिहास जर आपल्या नावास असेल, तर धाकटीने त्याचा अभिमान कशाचा धरावा? घरात ती थोरलीस ताई म्हणते, नावाने हाकही मारीत नाही. म्हणजे ज्या यमकासाठी तिचे नाव खर्ची पडले, ते यमक तिच्या स्वतःच्या तोंडी कधी येतच नाही. ते आईबापांच्या व शेजाऱ्यांच्या तोंडी राहते, आणि मुली सासरी किंवा परगावी गेल्या म्हणजे तेथेही संपते. आज पुष्कळ घरी दोघी बहिणींतील एक दादरला तर दुसरी परदेशात असते. इरा व मीरा ही जोडी वाढदिवसाच्या केकवर सुरेख दिसते. पण पुढची पन्नास वर्षे इरेला एकटीनेच इरा राहावयाचे असते.

या प्रश्नास अलीकडे एक नवे महत्त्व प्राप्त झाले आहे. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःच्या नावापुढे प्रथम आईचे, मग वडिलांचे नाव व शेवटी आडनाव लिहावयाचे आहे. तीन भागांच्या मराठी नावाचे आता चार भाग झाले. याचा अर्थ असा की, आज आपण मुलीस जे नाव देऊ, ते उद्या तिच्या मुलामुलींच्या नावातही उभे राहील. ज्या यमुनांची नावे सासरच्या उंबरठ्यावर पुसली गेली, त्यांच्या पणतींचे नाव पुढच्या पिढीच्या जन्मदाखल्यावर चढणार आहे. जे नाव आजवर फार तर एका घरची हाक होते, ते आता वंशाच्या लेखात जाणार. तेव्हा ते अर्थाने भरीव व स्वतःच्या पायांवर उभे राहणारे असावे, ही अपेक्षा पूर्वीपेक्षा अधिक रास्त ठरते.

तर मग बहिणींच्या नावांत जुळणी करूच नये काय? असे आमचे मुळीच म्हणणे नाही. एका घरची मुले एका घरची वाटावीत ही इच्छा स्वाभाविक व सुंदर आहे. ही जुळणी कुळाची असावी, शेपटाची नसावी. नद्या घ्या, फुले घ्या, राग घ्या, ऋषिपत्नी घ्या. पण दोघींच्या नावांचे पहिले अक्षर व स्वरांचा क्रम निराळा ठेवा. दोन्ही नावांचे वजन सारखे राखा. एकीस पाच अक्षरी संस्कृत समास व दुसरीस बेबी, असा पंक्तिप्रपंच करू नका. दोन्ही नावांचा अर्थ दोघींस आठव्या वर्षी समजावून सांगता येईल असा पाहा, आणि एकीचा अर्थ सांगताना दुसरीचा उल्लेख करावा लागू नये याची दक्षता घ्या. कागदावर दोन्ही नावे शेजारी शेजारी लिहून वाचण्याची रीत आहेच. त्यानंतर एक नाव हाताने झाकून दुसरे एकटेच मोठ्याने वाचावे, आणि मग पहिले झाकून पुन्हा तसेच करावे. ज्या जोडीतील दोन्ही नावे या परीक्षेत टिकतील, ती जोडी उत्तम समजावी.

बारशाच्या दिवशी आत्या मुलीच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगते, तेव्हा पाळण्यात एकच मुलगी असते. ते नाव तिच्या कानात सांगितले जाते, तिच्या बहिणीच्या नव्हे. आमच्या पूर्वजांनी या विषयावर सूत्र लिहिले नाही खरे. पण हा विधी ज्याने घालून दिला, त्यास ते सूत्र ठाऊक होते असे आम्हांस वाटते.